आठ खण आणि संध्याकाळचे दोन तास

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडण्याआधी जरा थांबा. मी एक जुनी लाकडी पत्रपेटी आहे. रंगाचे पोपडे उडालेत, एका खणाचे दार कायमचे वाकडे झाले आहे. पण चार मजल्यांच्या या इमारतीत जिन्याखाली उभी राहून मी जे पाहिले, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सुताराने आठ घरांसाठी माझे आठ खण केले. रोज दुपारी पोस्टमन आला की माझ्याभोवती मुलांची झुंबड उडायची. मावशीचे पत्र तर जिन्यातच मोठ्याने वाचले जाई. काय थाट होता माझा! पुढे पत्रे आटली. माझ्यात जाहिरातींचे कागद, मोडकी छत्री, असे काहीबाही साठू लागले.

मुले जिन्यात असायची, पण मान खाली आणि अंगठा फोनवर. तिसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची पिटुकली तर आई शेजारून गेली तरी वर बघत नसे. आई परिचारिका, सगळे तिला नर्सबाई म्हणत. तिने एकदा फोन काढून घेतला, तर लेकीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सगळ्यांना मिळतो. तूच वाईट आहेस!"

नर्सबाई माझ्याशेजारच्या पायरीवर बसून रडल्या. लेक हातची जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती. तळमजल्यावरच्या शिलाईकाकू बाहेर आल्या.

"अगं, माझा मुलगा तर तुझ्या मुलीचं नाव सांगतो! म्हणे, तिला कुणी काही बोलत नाही."

नर्सबाई रडतारडता हसल्या, काकूही हसल्या. प्रत्येक मूल दुसऱ्याचे नाव पुढे करत होते. चोर सापडला होता!

रविवारी आठही घरांचे आईबाप जिन्यात जमले. बसचालक काका म्हणाले, "एकट्याने नाही म्हटलं की आपण वैरी. आठांनी म्हटलं की तो नियम." संध्याकाळी सहा ते आठ मुलांचे फोन माझ्या खणांत ठेवायचे ठरले.

"आणि आपलेही," नर्सबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिले. पण एकेक करून माना डोलल्या. अडीअडचणीला शिलाईकाकूंच्या घरचा तारेचा फोन होताच. त्याचा नंबर दवाखान्यात आणि बस आगारात कळवला. मला पुसून स्वच्छ केले. खोटे कशाला बोलू, मी फुशारले.

पहिले दोन दिवस मुलांनी मला लाथा घातल्या. तिसऱ्या संध्याकाळी लपाछपी रंगली. राज्य बसचालक काकांवर होते. ते डोळे मिटून अंक मोजत होते, आणि त्यांचा खिसा वाजला. माझ्या खणात त्यांनी घरातला बंद पडलेला फोन ठेवला होता!

पिटुकली समोर येऊन उभी राहिली. "काका, मग माझाही द्या." तिच्या मागे सगळी मुले. नर्सबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सगळे मुसळ केरात जाणार, असे मलाही वाटले.

'मोठ्यांची कामं असतात' असे म्हणून काकांना सुटता आले असते. ते म्हणाले, "चुकलं माझं. मला राहवलं नाही. उद्यापासून आमचे फोन तुम्ही तपासून ठेवा. आणि आज पुन्हा राज्य माझ्यावरच." चारचौघांत, तेही मुलांसमोर, चूक कबूल करायला छाती लागते. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. मुले लपायला पळाली.

महिनाभराने आठ वाजता काका नेहमीसारखे ओरडले, "चला, फोन घ्या!" पायरीवर पिटुकली आईला टेकून बसली होती. पहिले इंजेक्शन देताना आपलेच पाय कसे लटपटले, ते आई सांगत होती.

"थांबा ना काका," पिटुकली म्हणाली, "आईचं अजून सांगून व्हायचंय."

मित्रांनो, मला रंग द्या, न द्या. पण तुमचे आईबाबा असे काही करू लागले, तर त्यांना एकटे पाडू नका. फोन आत ठेवताना मोठ्यांचीही बोटे क्षणभर अडतात. मी रोज पाहते. तरी ते ठेवतात, तुमच्यासाठी.