गॅलरीतून उतरलेली बोट

डॉ. सुमती धैर्यवान यांनी लालबागचा दातांचा दवाखाना बंद केला तेव्हा पेशंटची खुर्ची विकून टाकली, पण बारीक चिमटे, आकडे आणि कानशी मात्र घरी आणल्या. त्याच हत्यारांनी त्या गिरगावातल्या घरी जहाजांची मॉडेल्स बनवू लागल्या. डोलकाठीच्या दोऱ्याला गाठ मारायला अक्कलदाढांशी झटापट केलेलाच हात लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे यजमान मनमोहन यांची त्यावर एवढीच तक्रार होती, की जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नव्हती.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा जुना पेशंट विनीत गावकर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन आला. ती कोकणच्या आगबोटीची प्रतिकृती होती, जवळजवळ माणसाएवढी लांब. विनीतच्या वडिलांनी गिरणीच्या सुतारखात्यात असताना फावल्या वेळात केलेली. ते गेल्यावर बोट काळाचौकीच्या खोलीत माळ्यावर पडून राहिली. डोलकाठ्या मोडल्या, धुरांडं हरवलं, कठडा उंदरांनी खाल्ला.

“मॅडम, गणपतीत आमच्या मंडळाचा देखावा कोकणातलं बंदर आहे,” विनीत म्हणाला. “तेवढी ही उभी करा. आई रोज विचारते.”

सुमतीताईंनी बोट उभी केली. जुना रंग खरवडला, तळाच्या फटी भरल्या. पावडरच्या डब्याचं धुरांडं झालं, दात सरळ करायच्या तारेचा कठडा झाला. दोन्ही बाजूंना छोट्या होड्या टांगल्या, दोन उंच डोलकाठ्या रोवल्या आणि त्यांच्यावरून दोऱ्यांचं जाळं ताणलं. मनमोहन घासकागद कापून देत आणि दर संध्याकाळी चष्मा पुसून म्हणत, “आता पाण्यात सोडली तरी चालेल.”

विनीत बोट न्यायला आला तेव्हा घोळ लक्षात आला. येताना बोट गादीच्या गुंडाळीसारखी उभी धरून जिन्यातून आली होती. आता उभी धरली असती तर होड्या आणि डोलकाठ्या मोडल्या असत्या, आणि आडवी धरली तर जिन्याचं वळण आड येत होतं.

“तू जिना मोजला होतास?” मनमोहननी बायकोला विचारलं.

“अहो, मी बोट मोजली! घर कशाला मोजू?”

डोलकाठ्या काढून नेऊ या, असं विनीत चाचरत म्हणाला. सुमतीताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरळ गॅलरीत गेला. तिथून त्याने खाली वाकून बघितलं आणि फोन काढला. “निलेश, मंडळाचे दोर घेऊन ये. आणि चार पोरं आण. अरे, मूर्ती नाही रे, बोट उतरवायचीय.”

पोरांनी दिवाणाची फळी काढून तिच्यावर बोट बांधली. चारी कोपऱ्यांना दोर लावले आणि दुसऱ्या मजल्यावरून बोट हळूहळू हवेत उतरू लागली. शेजारीपाजारी गॅलऱ्यांत जमले. खाली अंगणात विनीतची आई गंगूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“हळू रे मेल्यांनो! डावीकडे! तुझी डावी नाय, माझी!”

पहिल्या मजल्यावर पुढची डोलकाठी वाळत घातलेल्या साडीत अडकली. बोट थांबली, हिंदकळली. वर सुमतीताईंनी डोळे मिटून घेतले. पण साडीची मालकीण, मेघना, चटकन पुढे वाकली. तिने दांडीवरून साडी सोडवली आणि ती डोलकाठीवर तशीच राहू दिली. तळमजल्यापर्यंत बोट जांभळं शीड लावून आली. अख्ख्या वाडीने टाळ्या वाजवल्या.

सुमतीताई धावतच खाली आल्या, मागोमाग मनमोहन. गंगूबाई बोटीभोवती फिरत होत्या. त्यांनी धुरांड्यावर हात फिरवला, कठडा बघितला, मग डेकवर वाकल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

“काय झालं, गंगूबाई? काही चुकलं का?”

“लोका खय आसत? बोटीर कोणच नाय!” त्या म्हणाल्या. “लगीन होऊन मी अशाच बोटीन इलंय. पाय ठेवूक जागा नाय होती. नारळाची पोती, कोंबडे, लोणच्याच्या बरण्या, रडणारी पोरां... आणि मी आख्खी वाट कठड्याक धरून ओकत होतंय. हे माझी पाठ चोळत होते. तेव्हा पहिल्यांदा धड बोलले माझ्याशी.”

कोणी हसायच्या आधी त्या स्वतःच हसत सुटल्या, डोळ्यांना पदर लावून.

सुमतीताईंनी रिकाम्या डेककडे पाहिलं. “विनीत, देखावा कधी उघडणार?”

“परवा, मॅडम.”

“होईल. माणसं बनवायला कवळीचं मेण घरात भरपूर पडलंय. गंगूबाई, तुम्ही वर चला. कोण कुठे उभं होतं ते सांगा.”

गंगूबाई जिना चढू लागल्या. मागून मनमोहन म्हणाले, “मलाही एक तिकीट ठेव गं. वरच्या वर्गाचं.”

“तुम्ही कोंबड्यांजवळ,” सुमतीताई म्हणाल्या, आणि मेण गरम करायला वर गेल्या.