गाळलेलं गाजर

मुलगी कामावर रुजू झाली तेव्हा नात सात महिन्यांची होती. निघताना ती गाजर, बटाटा मऊ शिजवून, चमच्याने चेचून वाटीत ठेवायची. "बाबा, घट्टच द्या. चमच्यातून ओघळता कामा नये."

मी मान डोलवायचो. दार लागलं की गाळणी काढायचो.

जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देत बसलेला माणूस मी. कुठलीही गोष्ट मला आधी वाचावी लागते. बाळाच्या आहाराचं पुस्तक आणलं, त्यातलं घास अडकण्याचं प्रकरण चार वेळा वाचलं आणि पुढचं पान उलटायचा धीरच झाला नाही. तेव्हापासून गाजराच्या कणाकणात मला नातीचा निळा पडलेला चेहरा दिसू लागला. मी गरम पाणी घालून दोनदा गाळायचो आणि चोथा केराच्या टोपलीत तळाशी दडवायचो. रिकामी वाटी बघून मुलगी म्हणायची, "उगाच घाबरत होतात."

"हो ना," मी म्हणायचो.

दीड महिन्याने दवाखान्यात वजन केलं. परिचारिकेने तक्त्यावर नवं टिंब काढलं. ते मागच्या टिंबापेक्षा जेमतेम वर होतं.

"खाते का नीट?"

"वाटी चाटूनपुसून," मुलगी म्हणाली.

"मग जातं कुठे? डॉक्टर रक्त तपासायला सांगतील."

मुलीचा चेहरा उतरला. "माझं दूध कमी पडत असेल. मीच कामावर जायची घाई केली."

आता बोललो नाही तर नातीच्या दंडात सुई जाणार होती.

"मी गाळतो," मी म्हणालो.

"काय गाळता?"

"सगळंच."

परिचारिकेला हसू आवरेना. "आजोबा, दीड महिना पोरीला गाजराचं धुवण पाजलंत की." मुलगी हसली नाही. परिचारिकेने बाळ म्हणून टॉवेलची गुंडाळी माझ्या हातावर पालथी ठेवली आणि घास अडकलाच तर पाठीवर थाप कशी मारायची ते तीनदा करून घेतलं. "खोकली, ओकारी काढली, आवाज येतोय, तर तिचं तिला निस्तरू द्या. आवाजच बंद झाला तर हे."

घरी आल्यावर मुलीने बाळाला खुर्चीत ताठ बसवलं, पट्टा लावला आणि चमचा माझ्या हातात दिला.

"तूच दे, मी बघतो."

"उद्या मी इथे नसेन, बाबा. तुमच्याने होणार नसेल तर आत्ता सांगा. मी नोकरी सोडते."

मी अर्धा चमचा घट्ट गाजर पुढे केलं. नातीने ते तोंडात घोळवलं आणि एकदम ओकारी काढली. तोंड लाल, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर. माझं बोट आपोआप तिच्या ओठांकडे गेलं.

"बोट नको," मुलगी हळूच म्हणाली. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. "आवाज येतोय का?"

"येतोय."

"मग थांबा."

मी थांबलो. आयुष्यात इतका वेळ मी कशासाठीच थांबलो नसेन. नात खोकली, लाल गोळा जिभेवर आणला, पुन्हा आत घेतला आणि गिळला. मग तोंड उघडून चमच्याकडे बघू लागली.

पुढचा घास माझ्या हातून अर्धा लाळेऱ्यावर सांडला.

"नीट भरून घ्या," मुलगी म्हणाली. थोडा वेळ बघत बसली, मग उठून आतल्या खोलीत गेली. दार तेवढं तिने उघडं ठेवलं.

मी चमचा भरला.