सहाचा प्रयोग साडेचारला

महिनाभर भास्कर ठेंगडी रोज जेवणाआधी राजा व्हायचा. त्याची मुलगी पूर्वा कॉलेजच्या नाटकात नायिका होती. नाटक म्हणजे जुनी ग्रीक शोकांतिका, उत्तरेतल्या त्या कॉलेजात हिंदीत केलेली. शहरावर चालून आलेल्या माणसाला मूठमाती द्यायची नाही, असं राजाचं फर्मान असतं आणि त्या मेलेल्या माणसाची बहीण ते उघड उघड मोडते. ही बहीण म्हणजे पूर्वा. तालमीला घरी राजा कोणीतरी हवा, म्हणून भास्कर. तो राजाची वाक्यं नोटीस वाचल्यासारखी वाचायचा आणि पूर्वा वैतागायची.

फेब्रुवारी २०११ मधला तो शनिवार उजाडला तोच धांदलीत. प्रयोग संध्याकाळी सहाला, चौकाजवळच्या एका खासगी हॉलमध्ये. चारशे पासेस संपले होते. पोह्यांचा घास तोंडात असतानाच पूर्वा सांगत सुटली, की काल तालमीत दिवे दोनदा गेले, पडद्यामागच्या बोर्डातून जळका वास येत होता आणि सगळ्यांनी मिळून त्याला वहीनं वारा घातला. तिची आई मालिनी हसली. भास्कर हसला नाही. तो वीज सुरक्षा खात्यात निरीक्षक होता.

अकरा वाजता तो लाइनमनला घेऊन हॉलवर पोचला. बोर्डामागच्या तारांचं आवरण वितळून गेलं होतं आणि मखमली पडदा त्यांच्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर होता. मागचं दार साखळीनं बंद, त्यापुढे मोडक्या खुर्च्यांची चळत. मालकानं चहा मागवला, म्हणाला, साहब, आपकी ही बिटिया का तो शो है, परसों देख लीजिएगा. भास्करनं ऑफिसात माधवला फोन केला. माधव त्याचा साहेब आणि जुना मित्र. त्यानंही सोमवारी बघू म्हटलं, आज मुलीचं नाटक बघ, म्हटलं.

रंगमंचावर पूर्वा आणि मैत्रिणी झेंडूच्या माळा बांधत होत्या. भास्करनं त्या चारशे खुर्च्यांकडे पाहिलं. मग लाइनमनला खूण केली. दिवे गेले.

तो मेन स्विचला सील ठोकत असताना पूर्वा पळत आली. आधी तिला वाटलं, काहीतरी गंमत आहे. मग तिनं सीलवरची सही पाहिली.

"मी तुम्हाला घरी सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली. एरवी हिंदीत उत्तर देणारी मुलगी आज मराठीत बोलत होती. "तुमच्या ऑफिसला नाही."

"मला दोन कान वेगवेगळे ठेवता येत नाहीत, पूर्वा."

"सोमवारी केलं असतं तर?"

"सोमवारी इथे कोणी बसणार नाही."

ती वळून निघून गेली. पंचनाम्यावर भास्करची सही वाकडी आली.

बाहेर फाटकाशी मुलंमुली रडकुंडीला आली होती. तेवढ्यात नाटक बसवणारे हृषीकेश सर ओरडलेच, की ही नाटकं मुळात उघड्यावर, उन्हातच व्हायची, पायऱ्यांवर लोक बसवून! पायऱ्या कुठे, तर गोमती नदीच्या घाटावर. दिवे नकोतच, सूर्य आहे. फक्त सहाच्या ऐवजी साडेचारला सुरू करायचं. क्षणात चित्र पालटलं. कोणी मोबाइलवर निरोप धाडू लागलं, कोणी फाटकावर पाटी रंगवली. सिंहासन एका सायकलरिक्षात, सैनिकांचे भाले दुसऱ्यात. मालिनी शेजारपाजारच्या सतरंज्या गोळा करून हजर झाली.

भास्कर तेवढ्यात म्हणाला, घाटावर गर्दी जमवायची तर परवानगी लागेल. सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो जागच्या जागी विरघळला असता. पण अर्ज त्यानंच लिहिला आणि पळालाही तोच. पोलीस चौकीवर दरोगाजी, म्हणजे फौजदार, जेवायला गेलेले. तिथून मोठ्या ठाण्यात, ठाण्यातून परत चौकीवर. शर्ट घामानं भिजला, स्कूटर दोनदा बंद पडली. चार वाजून वीस मिनिटांनी शिक्क्याचा कागद घेऊन तो घाटावर उतरला तेव्हा पायऱ्या भरून वाहत होत्या. पासवाले होतेच, शिवाय नाववाले, फुलवाल्या, दर्शनाला आलेली कुटुंबं. त्याला सगळ्यात वरची पायरी मिळाली.

आणि पूर्वा आली. नदीवर ऊन तिरपं झालं होतं, माइक नव्हता, पण तिचा शब्द न् शब्द वरपर्यंत पोचत होता. राजासमोर उभी राहून ती म्हणाली, की रक्ताचं नातं कुठल्या दरबारानं दिलेलं नाही, तर दरबारानं ते काढूनही घेऊ नये. हे म्हणताना तिनं सरळ वर पाहिलं. भास्करला मान खाली घालावीशी वाटली, पण त्यानं घातली नाही. मग राजा बोलू लागला, की घरच्यांसाठी नियम वाकवला तर परक्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा पूर्वा राजाकडे बघत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. तालमीत ती इथे लगेच तुटून पडायची.

शेवटी टाळ्या थांबेनात. नाववाले शिट्ट्या मारत होते. मालिनी हसत होती आणि डोळेही पुसत होती.

गर्दी ओसरल्यावर पूर्वा पायऱ्या चढून आली. काजळ गालभर पसरलं होतं.

"मी अजून रागावलेय," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पुढच्या वेळी मला आधी सांगायचं. हॉल में आकर नहीं, घरी."

"सांगेन," भास्कर म्हणाला. "पण सील करेन."

"हाँ, वह तो समझ गई," म्हणत ती त्याच्या शेजारी पायरीवर धपकन बसली, आणि कुठल्या वाक्याला तिचा पाय घसरता घसरता वाचला, ते आईबाबा दोघांना हातवारे करून सांगू लागली.