मामासाहेबांच्या रोपाचे अश्रू

देवासात त्या आठवड्यात मामीसाहेबांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांची नजर एका कुंडीवर. माझे मामासाहेब मानाजीराव जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्यांनी लाडाने वाढवलेलं झीझीचं शोभेचं रोप रोज सकाळी रडत होतं.

"देखो भिया, टपका!" कुणीतरी ओरडलं.

पानाच्या टोकाला थेंब लोंबत होता. मी टोंकखुर्दच्या शाळेत विज्ञान शिकवतो, पण खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. मामासाहेब त्याच कोपऱ्यात बसायचे.

"आत्मा प्यासी है, माई," रडणाऱ्या रोपाची बातमी ऐकून मामीसाहेबांकडे मुक्कामाला आलेले एक महाराज डोळे मिटून म्हणाले. "जल बढ़ाओ. खिड़की मत खोलना, आत्मा भटक जाएगी."

त्यामुळे मामीसाहेब तर्पणाचं पाणी दोन्ही वेळा कुंडीतच ओतत. पाणी वाढलं, अश्रू वाढले, महाराजांचा मुक्कामही वाढला. बंद खोलीत त्यांच्यासाठी रात्रंदिवस कूलर चालू असे.

"ते तहानलेले असताना माझ्या घशाखाली घोट कसा उतरेल रे?" असं म्हणत राजाबाई मामीसाहेब भर मे महिन्यात दिवसाला एका पेल्यावर राहिल्या होत्या. दोनदा चक्कर येऊन पडल्या. भुतापेक्षा मला त्याची भीती वाटली.

मी रोपवाटिकेतून तसंच रोप आणलं, त्याच खोलीत ठेवलं आणि तितकंच पाणी घालू लागलो. सहाव्या सकाळी तेही रडलं.

"महाराज, हे कुणासाठी रडतंय?"

"होगा किसी और का जीव."

मी त्याचं पाणी तोडलं. चार दिवसांत त्याचे अश्रू आटले, आणि महाराजांना अचानक कुक्षीहून बोलावणं आलं.

मग मी मामासाहेबांची कुंडी उपडी केली. कुजका वास सुटला. झीझीचे बटाट्यासारखे कंद पाणी साठवून ठेवतात. माती पुरती सुकल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी पाणी दिलं तरी पुरतं. रोज ओतलं आणि बंद खोलीतल्या कूलरने हवा दमट झाली की जास्तीचं पाणी पानांतून ठिबकतं. इथे एकच कंद टणक उरला होता. तो मी कोरड्या मातीत लावला.

"म्हणजे ते इथे नाहीत?" मामीसाहेबांनी विचारलं.

"नाहीत," मी म्हणालो. इतका जड शब्द मी आजवर उच्चारला नव्हता.

मी पेला पुढे केला. त्यांनी आधी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग घटाघटा पाणी प्यायल्या आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या.

लोकहो, दुःखाला उत्तर सापडत नाही म्हणून कुणाही महाराजाचं उत्तर पदरात घेऊ नका. डोळ्यांनी पाहा, करून पाहा, मग माना. आणि गेलेल्यांची तहान भागवण्याआधी समोरच्या जित्या माणसाला पाणी विचारा.