भिंतीतलं बिऱ्हाड

ओळंबाकाकांच्या भिंतीत मधमाश्यांनी बिऱ्हाड थाटलं, त्याला कारण काका स्वतःच होते. निजायच्या खोलीची जुनी खिडकी त्यांनीच बुजवली होती. आतून एक विटेचा पडदा, बाहेरून एक, आणि मधली पोकळी तशीच सोडलेली. विटा वाचल्या, काम उरकलं. वरून गिलावा मात्र असा केला, की इथे खिडकी होती हे सांगूनही कुणाला पटू नये. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. भिंत केसभर कललेली दिसली की त्यांना अन्न गोड लागायचं नाही, म्हणून तर लोकांनी भिंत सरळ आहे का ते दाखवणाऱ्या ओळंब्याचं नाव त्यांना पाडलं. बाहेरच्या अंगाला एका जुन्या पाइपाचं भोक तेवढं राहून गेलं होतं. माश्यांना तेवढं पुरलं.

काकूंना त्यांचं काही वाटत नव्हतं. "राहू द्या हो. भांडण नाही, पाण्यावरून कुरकुर नाही. असे भाडेकरू दिवा घेऊन शोधले तरी मिळायचे नाहीत."

"अगं, पण न विचारता घुसलेत!"

"तुम्हीच जागा रिकामी ठेवलीत."

काका हसले होते. पण लेकीचा फोन आला आणि हसणं संपलं. ती नातीला घेऊन रविवारी येणार होती. नात चालायला लागली, बोलायला लागली, ते सगळं काकांनी फोनच्या काचेतूनच पाहिलेलं. काकू बोलता बोलता माश्यांचं बोलून गेल्या. मागं बागेत नातीला एकच माशी चावली होती, तर चेहरा भोपळ्यासारखा सुजून दवाखाना गाठावा लागला होता.

"बाबा, माश्या आहेत तोवर आम्ही येत नाही. रागावू नका."

काकांनी माशीवाल्याला बोलावलं. लोकांच्या घरातून मधमाश्या जिवंत काढून नेण्याचं काम तो करायचा. त्यानं भिंतीला कान लावला आणि मान डोलावली. "काका, संसार जोरात आहे आत. भिंत फोडून राणीसकट पेटीत घालून नेतो. पण आत्ता पेटी रिकामी नाही. पुढच्या आठवड्यात येतो."

"भिंत फोडायची?"

"मग काय, नाव घेऊन हाक मारू?"

"रविवारच्या आत नाही जमणार?"

"नाही हो. आणि तोवर त्या भोकाला हात लावू नका. वाट बंद झाली की त्या दुसरी शोधतात."

दोन दिवस काका घरात येरझाऱ्या घालत राहिले. शनिवारी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, त्यांनी घमेल्यात थोडा माल कालवला, थापी घेतली आणि भोक लिंपून टाकलं. हात अजून तसाच होता. मुंगीलाही फट सापडली नसती.

काकू दारात उभ्या होत्या. "अहो, तो नको म्हणाला होता ना?"

"त्याचं पोट भिंती फोडण्यावर चालतं. तो काय बुजवा म्हणेल?"

"आणि आत आहेत त्या?"

काका थापी धूत राहिले. चांगली चकचकीत झाली तरी धूत राहिले.

लेकीचा फोन आला. "बाबा, माश्या नेल्या का?"

"नेल्या."

"सगळ्या?"

"एकूण एक. तू बिनघोर ये."

काकूंनी काकांकडे पाहिलं आणि पोळ्या लाटायला निघून गेल्या. रात्री त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं.

भिंतीतला आवाज काही कमी झाला नाही. उलट वाढला. एरवी तो दूरवर कुणी जातं फिरवावं तसा यायचा, आता त्याला धार आली होती. काकांनी तळवा टेकवला, तर भिंत तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम.

रविवारी लेक आली. नात आधी आईच्या पाठीमागे लपली, मग एक डोळा बाहेर, मग दोन, आणि जेवणं होईपर्यंत काकांच्या मांडीवर बसून मिशी ओढायला लागली. काका ओरडल्याचं सोंग करायचे, की ती खदखदून हसायची. त्या दोन घटकांत काकांना भिंतीची आठवणही राहिली नाही.

जेवल्यावर पोरगी पेंगुळली. लेक तिला उचलून निजायच्या खोलीकडे निघाली. "पंखा आतच आहे ना?"

"बाहेरच निजव गं," काकू म्हणाल्या. "वारा आहे इथे."

पण ती आत गेलीसुद्धा. थोड्या वेळानं तिची हाक आली. "बाबा, हा आवाज कसला?"

"शेजाऱ्यांची पाण्याची मोटर."

"भिंतीतून?"

काका दारापर्यंत पोचले तेव्हा विजेच्या बोर्डाच्या फटीतून पहिली माशी बाहेर येत होती. उडतही नव्हती, नुसती सरपटत होती. तिच्यामागे दुसरी. मग फट काळी झाली. त्यातली एक नातीच्या उशीकडे घरंगळली. लेकीनं पोरीला चादरीसकट उचललं आणि धावत अंगणात आली. पोरीला काही झालं नाही. ती झोपेतून दचकून रडायला लागली, एवढंच.

काका फाटकापर्यंत मागं गेले. "अगं, जरा ऐक. मी आत्ता मारतो त्यांना. पाच मिनिटं बस."

"बाबा, माश्या आहेत म्हणाला असतात तर मी पुढच्या महिन्यात आले असते. एवढंच झालं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही नेल्या म्हणालात, म्हणून मी तिचं औषधही घरी ठेवून आले."

ती गेली.

त्यांनी छिन्नी-हातोडा काढला, अंगाभोवती चादर गुंडाळली आणि आपला गिलावा आपल्याच हातानं फोडला. आतलं मेण उष्म्यानं खाली बसलं होतं, मध विटांवरून ओघळत होता आणि त्यात माश्यांचा ढीग चिकटला होता. काही अजून पाय हलवत होत्या. काकांना एकीनंही डंख मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

माशीवाला ठरल्याप्रमाणे आला. पेटी त्यानं गाडीवरून उतरवलीच नाही. ढिगातून राणी शोधून तळव्यावर घेतली, बघितली, खाली ठेवली. बुजवू नका म्हणालो होतो, असं तो बोलला नाही. "भिंत कोमट पाण्यानं धुऊन घ्या," म्हणाला, "नाहीतर मुंग्या लागतील."

लेकीचे फोन पूर्वीसारखेच येतात. अबोला नाही, रुसवा नाही. फोन काकाच उचलतात. ती गुडघा कसा आहे विचारते. नंतर विचारते, "आई बरी आहे ना? खोकला गेला तिचा?"

"बरी आहे. खोकला गेला."

"तिला द्या ना जरा."

काका फोन काकूंच्या हातात देतात. आणि शेजारी बसून ऐकतात, लेक तिला तेच विचारत असते: "आई, बरी आहेस ना गं? खोकला खरंच गेला का?"