बेस येईपर्यंत

रविवारी आमच्या घरी गाणी क्रमाने लागतात. हा नचिकेतचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा नियम. 'ड्राय क्रीक पोस्टऑफिस' नावाचा ऑस्ट्रेलियातला एक बँड आहे, कॉलेजपासून त्याचा जीव त्यांच्यावर. त्यांचे चार अल्बम. सुरुवात पहिल्यापासूनच करायची, मधलं काही गाळायचं नाही. "सलग ऐकल्याशिवाय बँड कसा बदलत गेला ते कळत नाही," असं त्याचं म्हणणं.

बदलला खरा. पहिला अल्बम म्हणजे नुसता धडाका. ड्रम, बेस गिटार आणि वरातीतल्या बँडबाज्यासारखी मोठी पितळी वाद्यं. दुसऱ्यात बॅंजो आला, खेड्यातल्या चाली आल्या, तरी खाली बेसची घुमघुम चालूच. तिसऱ्यात त्यांना काय झालं कोण जाणे! बारीक घंटा, कुजबुजल्यासारखं गाणं, कॉम्प्युटरवर केलेली किणकिण, आणि बेस आला तर आला. चौथा त्याहून नाजूक. जुने चाहते तिसऱ्यावर अजून रुसलेले आहेत. नचिकेत म्हणतो, यांनी हिंमत केली. पण आमच्याकडे तिसरा सुरू होईपर्यंत वल्लरीच्या आंघोळीची वेळ होते, त्यामुळे तो तिच्या वाट्याला फारसा येतच नसे.

वल्लरी आमची मुलगी. दोन वर्षांची झाली तरी तिच्याकडे शब्द होते फक्त मम, बाबा आणि दे.

मला वाटायचं, तिला कमी ऐकू येतं. घरात हे दुसऱ्या कोणालाही वाटत नव्हतं. सासूबाई इथल्या जुनी इंदूर भागातल्या शाळेत जन्मभर शिकवून रिटायर झालेल्या. त्या मागे उभ्या राहून भरदार आवाजात "वल्लरीऽ" म्हणायच्या आणि ती वळायची. ताट वाजवलं की वळायची. "ऐकते की चांगली! घरात मराठी, खाली पार्किंगमध्ये हिंदी, पोर बिचारी कन्फ्यूज झालीय. आपल्या इंदूरची मराठी पोरं उशिराच बोलतात. हा नचिकेत काय लवकर बोलला होता?" लस द्यायला गेलो तिथल्या डॉक्टरांनीही टाळी वाजवून पाहिली आणि जवळजवळ हेच सांगितलं. वर मला म्हणाले, "आप टेन्शन बहुत लेती हैं."

टेन्शन मी घेतेच. पण मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलंय, आणि सगळे जण एकच पुरावा पुन्हा पुन्हा मोजताहेत असं मला वाटत होतं. मोठा आवाज, धप्प आवाज. तिच्या मागे बारीक आवाज कोणी केलाच नव्हता.

त्या रविवारी नचिकेत पोहे-जिलबी आणायला गेला होता. मी फोनवरून गाणी लावली, आणि पहिल्याऐवजी तिसराच अल्बम लागला. वल्लरी स्पीकरकडे पाठ करून डब्यांची झाकणं लावत बसली होती. घंटा वाजत होत्या, ती झाकणं लावत होती. चूक लक्षात आल्यावर मी पहिला अल्बम लावला. झाकण हातात तसंच राहिलं आणि मान गर्रकन स्पीकरकडे. परत तिसरा लावला. झाकणं. परत पहिला. मान.

नचिकेत दारात आला तसं मी सांगून टाकलं.

"म्हणजे तिला चव आहे," पुडी टेबलावर ठेवत तो म्हणाला. "जुने फॅन असेच असतात."

"हसू नको ना, यार."

"अगं, नाचते ती तिसऱ्यावर. बघ हे." त्याने तिसरा लावला आणि तिच्यासमोर नाचायला लागला. वल्लरीही उठून गुडघे वाकवायला लागली.

"बघ!" स्वयंपाकघरातून सासूबाई. "उगीच पोरीच्या मागे लागलीय ही."

मी वल्लरीचे डोळे बघत होते. ते त्याच्या पायांवर होते.

"ती तुला बघून नाचतेय. तू दाराआड जा आणि तिथून लाव."

"भिया, ही तर इन्क्वायरी बसवते आपल्यावर," असं इंदुरी थाटात म्हणत तो गेला मात्र. दाराच्या फटीतून त्याचा एक डोळा दिसत होता.

वल्लरी पुन्हा झाकणांकडे वळली. घंटा सुरू झाल्या. मग बँडची गायिका कुजबुजत गायला लागली, मग पुन्हा घंटा. नचिकेतने आवाज वाढवला. आणखी वाढवला. माझे कान दुखायला लागले. वल्लरीने एक झाकण उलटं करून पाहिलं.

"आता बेस येईल," नचिकेत दाराआडून पुटपुटला.

बेस आला आणि वल्लरी वळली.

तो योगायोग म्हणेल असं मला वाटलं. पण त्याने दुसरं गाणं लावलं. त्याला या गाण्यांतली प्रत्येक जागा पाठ आहे. बेस यायच्या आधी तो फटीतून मला बोट वर करून दाखवायचा, आणि बोट वर झालं की ती वळायची. शेवटी त्याने चौथ्या अल्बममधलं एक गाणं लावलं. त्यात बेस अगदी अखेरीस येतो. आम्ही थांबून राहिलो. सासूबाई झारा हातात घेऊन बाहेर आल्या. "काय चाललंय, पोहे गार..." नचिकेतने त्यांना हातानेच गप्प केलं. गाणं कितीतरी वेळ नुसतं किणकिणत राहिलं, आणि आमची मुलगी त्याच्याकडे पाठ करून बसून राहिली. मग बोट वर झालं. ती वळली. या वेळी सासूबाईंनीही पाहिलं.

नचिकेतने स्पीकर बंद केला.

"पण मी हाक मारते तेव्हा तर..." सासूबाई म्हणाल्या.

"तुझा आवाज पहिल्या अल्बमसारखा आहे, आई."

कोणी हसलं नाही. तो माझ्याकडे वळला. "कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. थांब, मीच घेतो."

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या, निधी मॅडमनी वल्लरीला झोपवून, डोक्याला वायरी चिकटवून तपासणी केली. मग कागदावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ काढली. "खालचे सूर जवळजवळ नीट आहेत. वरचे पोचत नाहीत. स, श, च, फ हे आवाज तिने धड ऐकलेलेच नाहीत. म, ब, द ऐकू येतात." मम, बाबा, दे. माझं खरं ठरल्यावर थोडं तरी हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

"दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन लागेल. लवकर लावा. आणि भाषा दोन्ही चालू ठेवा, एकही बंद करू नका."

"म्हणजे हिंदीमुळे नाही झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो, आजी."

परत येताना रिक्षात सासूबाईंनी वल्लरीला मांडीवरून उतरू दिलं नाही.

मशीन बसवलं त्या संध्याकाळी वल्लरीने ते चार वेळा उपटून काढलं, चारही वेळा मी परत लावलं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा किंचाळली. नचिकेतचा हात फोनकडे गेला. मी म्हटलं, "नाही. आज गाणी नाही लावायची." त्याने फोन खिशात टाकला.

रडणं थांबावं म्हणून सासूबाईंनी सेव भरलेली प्लॅस्टिकची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने ती ओढली आणि पिशवी बारीक कुरकुरली. रडणं मध्येच थांबलं. तिने पिशवी दाबली. सोडली. पुन्हा दाबली. मग डोळ्यांशी नेऊन आत डोकावून पाहिलं.

"सेव पाहिजे का गं, राणी?" सासूबाईंनी विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं आणि पिशवी पुन्हा दाबली.

प्लॅस्टिकची पिशवी दोन वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायची नसते, हे मला माहीत आहे. मी सेव वाटीत ओतून घेतली आणि रिकामी पिशवी तिला दिली. एक टोक मात्र माझ्या मुठीत धरून ठेवलं.