छत्तीसला दिलेलं उत्तर

सकाळचे दहा वाजत आले होते आणि उस्ताद बुरहान कानाला हेडफोन लावून खिडकीपाशी बसला होता. शाळा बंद पडेपर्यंत तो गावात पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याहून जुना त्याचा नाद म्हणजे हॅम रेडिओ. चाळीस वर्षं तो जगभरच्या अनोळखी माणसांना हाका मारत आला होता, त्यांच्या हाकांना ओ देत आला होता. आता फक्त ऐकायचं होतं. हवाई तळावरून बाँब टाकायला विमान उठलं की मनाऱ्यावरचा, म्हणजे तळाच्या नियंत्रण-मनोऱ्यावरचा, माणूस आणि वैमानिक काय बोलतात ते ऐकायचं, आकड्यांवरून विमान कुठं निघालंय ते नकाशावर काढायचं आणि वॉकीटॉकीवरून गावांना सांगायचं, की पळा.

नुसता ऐकायचा संच परवाच जळला होता. म्हणून त्यानं आपला जुना संच लावला, बोलता येणारा. गावात सायरन वाजवणाऱ्या झकवाननं बजावलं होतं, "उस्ताद, तो माइक आधी काढून ठेवा. तुमच्या जिभेला हाड नाही, हे मी शाळेपासून ओळखतो."

माइक काढायचा राहिला होता. खरं तर बुरहानला तो काढवत नव्हता.

शेजारच्या गादीवर त्याची बायको वदाद मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. तिच्या खुब्याचं हाड मोडून महिना झाला होता. डोंगरातल्या गुहेत आसऱ्याला जाणं तिला शक्य नव्हतं, आणि तिला सोडून हाही जात नव्हता.

"अबू साहेर, चहा गार झाला. का तोही रेडिओला पाजायचाय?" मुलाच्या नावावरून ती त्याला अशीच, 'साहेरचे वडील' म्हणून, हाक मारायची.

"थांब गं. छत्तीस उडालाय."

छत्तीस हा एका वैमानिकाचा नंबर. बोलण्याआधी तो हलकंसं खाकरायचा. त्याचं नाव बुरहानला ठाऊक नव्हतं, पण त्याला सर्दी झाली की कळायचं.

"मनारा, मनारा, छत्तीस. ऐकू येतंय?"

उत्तर नाही.

"मनारा, छत्तीस. ऐकू येतंय का?"

नुसती खरखर. मनाऱ्याचा रेडिओ बिघडला असावा. तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा आवाज बदलला होता. एवढ्या आभाळात एकट्या पडलेल्या माणसाचा तो आवाज होता. "कुणी ऐकतंय का मला?"

बुरहानचा अंगठा माइकच्या खटक्यावर कधी गेला, त्याला कळलंच नाही. "ऐकतोय. स्वच्छ. पाच-पाच," तो म्हणाला. आवाज खणखणीत येतोय, हे सांगायची ती रेडिओवाल्यांची रीत. पुढे आपलं स्टेशनचं नावही सांगायला निघाला होता. पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि तिथंच गोठलं.

अंगठा उचलला. संचावरचा लाल दिवा विझला.

वदादचे हात थांबले. "कुणाशी बोललात?"

त्यानं हेडफोन एका कानावरून मागे सरकवला.

"अबू साहेर, कुणाशी बोललात तुम्ही?"

"त्याच्याशी," तो म्हणाला.

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेत गुंफलेली अँटेना होती. तळावर आवाजाचा माग काढणारी यंत्रं होती, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. वर विमानाची घरघर स्पष्ट ऐकू येऊ लागली. ते सरळ जात नव्हतं. घिरट्या घालत होतं.

बुरहान उठला, वदादची गादी कोपऱ्याला धरून ओढू लागला. हातभर सरकली आणि ती कळवळली. "सोडा! कुठं नेताय मला, चुलीखाली?"

तेवढ्यात कानात मनारा जागा झाला. "छत्तीस, आता येतोय तुझा आवाज. मधे कुणा म्हाताऱ्याचा तुटक आवाज आला. तुला उत्तर कुणी दिलं?"

बुरहाननं डोळे मिटले. खाकरणं ऐकू आलं.

"कुणी नाही," छत्तीस म्हणाला. "खरखर होती. दिशा दोनशे दहा, लक्ष्याकडे निघालो."

बुरहान खाली बसला. वाचवलं त्यानं. का वाचवलं? कदाचित खरंच त्याला खरखर वाटली असेल. मग डोळ्यांसमोर नकाशा आला. दोनशे दहा म्हणजे दैर हमामा. आज तिथला आठवड्याचा बाजार. विमान पोचायला चार मिनिटं.

त्यानं वॉकीटॉकी उचलला. पण त्यावरचं बोलणंही तळावर ऐकलं जायचं. आत्ताच विमानाला उत्तर देणारा म्हातारा आवाज पुन्हा ऐकू आला, की खरखर कसली होती ते मनाऱ्याला उमगणार होतं. अंगठा खटक्यावर टेकला, पण दाबला जाईना.

"काय झालं? कुठं चाललाय तो?"

"दैर हमामाला. मी बोललो, तर ओळखतील मला."

"द्या इकडे."

"उम्म साहेर—"

"माझा आवाज कुठं ऐकलाय त्यांनी? द्या म्हणते ना!" तिनं चिकट हातांनी तो हिसकावून घेतला. "कुठं दाबायचं? हं. दैर हमामावाल्यांनो! विमान तुमच्याकडे येतंय, बाजार सोडा, आत्ताच्या आत्ता! चेष्टा नाही ही, पळा!"

पलीकडून कुणीतरी दचकून विचारलं, "कोण बोलतंय?"

"तुझी आई! पळ आधी!"

मग तिकडे सायरन वाजू लागला. बुरहान घड्याळाकडे बघत राहिला. पाचव्या मिनिटाला काचा थरथरल्या, दोनदा. वॉकीटॉकीवर बराच वेळ नुसता आरडाओरडा होता. शेवटी एक माणूस धापा टाकत म्हणाला, "बाजारात कुणी नव्हतं. दुकानं गेली. माणसं आहेत."

वदादनं वॉकीटॉकी पानांत ठेवला.

घरघर परत येत होती. दोघांनी छताकडे पाहिलं. आवाज डोक्यावर आला, भांडी हलली, आणि तो उत्तरेला निघून गेला. रेडिओवर कुणी खाकरलं नाही.

"तो माइक तोडा," ती म्हणाली.

बुरहाननं पक्कड आणली. पण जाड वायर पकडीतून निसटत राहिली. शेवटी तिनं वायर दोन्ही हातांनी ताणून धरली, तेव्हा कुठं ती तुटली.